पहिला शोधलेख: कोणत्या प्रकारचा लिहावा आणि कुठे पाठवावा

पीएच.डी.ला नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याला किंवा नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला 'पेपर काढा' असे सगळेच सांगतात. पेपर कोणत्या प्रकारचा काढायचा, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. परिणामी मूळ संशोधनाचा लेख, आढावा लेख, टीप, रुग्ण-अहवाल, चर्चालेख हे सारे एकाच साच्यात लिहिले जातात आणि त्यांतील बरेचसे लेख समीक्षकांपर्यंत, म्हणजे लेख तपासणाऱ्या विषयतज्ज्ञांपर्यंत, न पोहोचता संपादकांकडूनच परत येतात. अशा वेळी काम वाईट असतेच असे नाही. दोन पानांत उत्तम बसली असती अशी नोंद बारा पानांपर्यंत ताणलेली असते, किंवा केवळ पाहणीवर आधारलेल्या लेखात उपाययोजनेच्या यशाचा दावा केलेला असतो. लेखप्रकार ठरवायचा तो लिहायला बसण्यापूर्वी, आणि तोही नियतकालिकाच्या नावलौकिकावरून न ठरवता हाती असलेल्या सामग्रीवरून ठरवायचा, एवढे एक पथ्य पाळले तरी नव्या संशोधकाचे निम्मे हेलपाटे वाचतात. पुढील पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत.

पायरी पहिली: हातात काय आहे ते तीन वाक्यांत लिहा

एका कोऱ्या कागदावर तीन वाक्ये लिहावीत. मी कोणती सामग्री गोळा केली, हे पहिल्या वाक्यात यावे. त्या सामग्रीवरून मी कोणते नवे विधान करू शकतो, हे दुसऱ्यात. आणि त्या विधानाला कोण, कशाच्या आधारे आक्षेप घेऊ शकेल, हे तिसऱ्यात. तिसरे वाक्य सहसा कोणी लिहीत नाही, परंतु लेखाचा प्रकार बहुतेक वेळा तेच ठरवते.

गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेचे लेखन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला लेख दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला होता. ग्रामीण स्त्रियांमध्ये स्त्रीरोगांचे प्रमाण किती, एवढाच त्याचा प्रश्न होता आणि तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यात दाखवले होते. उपचाराने काय फरक पडेल, याविषयी दावा करण्याजोगी सामग्री त्या पाहणीत नव्हती. त्याच नियतकालिकात १९९९ मध्ये आलेला, नवजात बालकांची घरच्या घरी घ्यावयाची काळजी या विषयावरील लेख मात्र क्षेत्रीय चाचणीचा होता. ३९ गावांत उपाययोजना केली होती, ४७ गावे तुलनेसाठी घेतली होती आणि दोन्हीकडील नवजात मृत्युदर शेजारी शेजारी ठेवून उपाययोजनेचा परिणाम सिद्ध केला होता. दोन्ही लेख मूळ संशोधनाचेच आणि जिल्हाही एकच. तरी एकाला पाहणीची रचना पुरली आणि दुसऱ्याला तुलनेसाठी वेगळी गावे लागली, कारण दोन्हींचे दुसरे वाक्य वेगळे होते आणि त्यामुळे त्यावर येऊ शकणारा आक्षेप, म्हणजे तिसरे वाक्यही, वेगळे होते.

पायरी दुसरी: त्या वाक्यांना साजेसा प्रकार निवडा

मूळ संशोधनाचा लेख हा सर्वांत परिचित प्रकार. विज्ञान, वैद्यक आणि बऱ्याच अंशी सामाजिक शास्त्रे यांत त्याची रचना ठरलेली असते: प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा. यांपैकी पद्धतीचा भाग सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जातो. तो वाचून दुसऱ्या एखाद्या माणसाला तेच काम पुन्हा करता आले पाहिजे, ही त्याची कसोटी. 'यादृच्छिक पद्धतीने १०० शेतकऱ्यांची निवड केली' या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणत्या यादीतून निवडले, ती यादी कुठून मिळवली, किती जणांनी नकार दिला, मुलाखती कोणत्या महिन्यांत झाल्या, हे लिहावे लागते. ऊस तोडणीच्या हंगामात गावात राहिलेल्यांच्या मुलाखती आणि पावसाळ्यात परतलेल्यांच्या मुलाखती या दोन वेगळ्या सामग्री असतात.

मानव्यविद्यांतील लेखाला हा साचा लागत नाही. तेथे एक प्रमेय मांडायचे, त्याविषयी आजवर कोणी काय म्हटले ते सांगायचे आणि संहिता, कागदपत्रे किंवा नाट्यप्रयोग यांच्या आधारे स्वतःचे म्हणणे टप्प्याटप्प्याने सिद्ध करायचे, अशी मांडणी असते. आपल्याकडे मात्र नोंदणीच्या वेळी दिलेल्या आराखड्यातील 'उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा' ही शीर्षके उचलून साहित्यविषयक लेखाला चिकटवण्याची रीत पडली आहे. कवितेवरील लेखाला 'गृहीतक क्रमांक १' आणि 'गृहीतक क्रमांक २' जोडल्याने तो अधिक शास्त्रीय होत नाही. उलट कवितेविषयी लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे, हे त्या शीर्षकांमागे दडून जाते.

प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे पाठवणे, हीही या प्रकारातील नेहमीची अडचण. प्रकरण आधीच्या प्रकरणांवर विसंबून असते, लेख मात्र स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. पूर्वसंशोधनाचा चाळीस पानांचा आढावा लेखात दोन-तीन परिच्छेदांत आणावा लागतो आणि तोही केवळ या लेखाच्या प्रश्नापुरता. प्रबंधाच्या एका प्रकरणातून एक लेख, असे सरळ गणित मांडू नये. कधी दोन प्रकरणांचा मिळून एक लेख होतो आणि एखाद्या प्रकरणाचा काहीच होत नाही.

लघुसंशोधन लेख किंवा संक्षिप्त निवेदन हा दुसरा प्रकार नव्या संशोधकांकडून उगाच दुर्लक्षिला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला शोध ३१ मार्च १९२८ च्या 'नेचर'मध्ये एका छोट्या पत्राच्या रूपाने मांडला. डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन आणि क्रिक यांचा २५ एप्रिल १९५३ चा लेख जेमतेम पानभराचा होता. लहान लेख हा दुय्यम दर्जाचा असतो, हा समज त्यामुळे सोडून द्यावा. अर्थात अर्धवट काम लवकर छापून घेण्याची सोय म्हणूनही या प्रकाराकडे पाहू नये. निष्कर्ष एकच असावा, तो पूर्ण असावा आणि लवकर कळवण्याजोगा असावा.

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्या अभ्यासकांसाठी याच जातीची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे टीप किंवा नवी नोंद. एखादी वनस्पती पूर्वी केवळ कर्नाटकातून नोंदलेली असेल आणि ती सिंधुदुर्गाच्या सड्यावर (कातळपठारावर) सापडली, तर त्यावर मोठा लेख होत नाही, पण टीप निश्चित होते. अशा टिपेत ओळख कशावरून पटवली, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश व उंची, फुलण्याचा काळ, सोबत आढळलेल्या वनस्पती, छायाचित्रे आणि मुख्य म्हणजे वाळवलेला नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहात, कोणत्या क्रमांकाने जमा केला, हे द्यावे लागते. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र व आघारकर संशोधन संस्था येथे, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लाटर हर्बेरियममध्ये असे संग्रह आहेत. ठिकाण लिहिताना मात्र थोडा विचार करावा, कारण दुर्मीळ आमरीचे (ऑर्किडचे) नेमके स्थान छापल्यावर तेथे सर्वांत आधी पोहोचणारा वाचक अभ्यासकच असेल, असे नाही. कोइमतूरहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'सारख्या नियतकालिकांत टिपांचा स्वतंत्र विभाग असतो. नवी प्रजाती जाहीर करायची असेल, तर मात्र आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचे नियम लागू होतात आणि ते काम या विषयातील अनुभवी तज्ज्ञाला सोबत घेतल्याशिवाय करू नये.

रुग्ण-अहवाल हा वैद्यकातील प्रकार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जवळचा असतो, कारण वॉर्डात रोज नवे काही दिसत असते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांना झालेल्या एका विशिष्ट न्यूमोनियाची नोंद आली. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची ती पहिली छापील नोंद ठरली. रुग्ण-अहवालाचे बळ अशा शंका उत्पन्न करण्यात असते. 'या औषधाने गुण येतो' हे एका रुग्णावरून सिद्ध होत नाही, म्हणून असे वाक्य अहवालाच्या शेवटी लिहू नये. रुग्णाची लेखी संमती घेतल्याखेरीज चांगले नियतकालिक अहवाल स्वीकारत नाही. ही संमती उपचाराच्या संमतीपेक्षा वेगळी असते, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि रुग्ण घरी गेल्यावर ती मिळवणे अवघड होते. कोणते तपशील द्यायचे, यासाठी २०१३ मधील 'केअर' मार्गदर्शक तत्त्वांची तपासयादी उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्याच नावाच्या, आता बंद झालेल्या नियतकालिकांच्या यादीशी तिचा काही संबंध नाही.

आता आढावा लेखाकडे वळू. स्वतःची सामग्री नसली की नवा संशोधक 'मग रिव्ह्यू पेपर तरी लिहू' असे म्हणतो, आणि माझ्या मते पहिल्या लेखासाठी हीच सर्वांत चुकीची निवड असते. आढावा लेख लिहिणाऱ्याला त्या क्षेत्रातील मतभेद ठाऊक असावे लागतात, कोणता अभ्यास कच्चा आणि कोणता पक्का, हे सांगण्याचे धाडस असावे लागते, आणि अनेक नियतकालिके तर वर्णनात्मक आढावा केवळ निमंत्रणावरूनच घेतात. 'अमुक यांनी २०१५ मध्ये असे म्हटले, तमुक यांनी २०१७ मध्ये तसे म्हटले' अशी परिच्छेदांची रांग लावली की ती जंत्री होते. एक सोपी परीक्षा सांगतो. आपल्या मसुद्यातील सर्व लेखकांची नावे व वर्षे खोडून पाहावीत. जे उरेल त्यात कोणत्याही एका संदर्भात नसलेले, सर्व वाचनातून निघालेले निदान एखादे विधान असेल, तर तो आढावा आहे.

पद्धतशीर आढावा हा याहून वेगळा आणि नवख्या माणसाला तुलनेने जमणारा प्रकार आहे, कारण त्याची शिस्त लिखित स्वरूपात मिळते. प्रश्न आधी नेमका करायचा, कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते वगळायचे याचे निकष आधी ठरवायचे, आरोग्यविषयक आढावा असेल तर 'प्रॉस्पेरो' या नोंदवहीत आराखडा नोंदवायचा, कोणत्या माहितीसंचांत कोणते शब्द घालून कोणत्या तारखेला शोध घेतला ते लिहून ठेवायचे, दोघांनी स्वतंत्रपणे छाननी करायची आणि शेवटी 'प्रिझ्मा' या २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणे किती लेख मिळाले, किती वगळले, का वगळले याचा प्रवाहतक्ता द्यायचा. छाननीला दुसरा माणूस लागतो, हे सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. निवडलेल्या अभ्यासांतील आकडे संख्याशास्त्रीय रीतीने एकत्र करता आले, तर त्याला बृहद्विश्लेषण म्हणतात. अभ्यास परस्परांशी जुळणारे नसतील, तर ते आकडे बळेच एकत्र करू नयेत.

पद्धतीविषयक लेख आणि सामग्री-लेख हे दोन प्रकार कमी लोकांना माहीत असतात. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ मधील लेख हा जगात सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या शोधलेखांपैकी एक आहे. त्यात कोणताही मोठा सिद्धांत नाही. प्रयोगशाळेत रोज लागणारी एक गोष्ट नीट सांगितली आहे, इतकेच. सामग्री-लेखात निष्कर्षही काढायचे नसतात. गोळा केलेली सामग्री खुल्या संग्रहात ठेवायची आणि ती कशी, कधी, कोणत्या साधनांनी मिळवली, तिच्यात कोणत्या उणिवा आहेत, हे लेखात सांगायचे. 'सायंटिफिक डेटा' हे नियतकालिक २०१४ पासून केवळ याच कामाला वाहिलेले आहे. एखाद्या तालुक्यातील विहिरींच्या पाणीपातळीच्या अनेक वर्षांच्या नोंदी किंवा मालवणी, अहिराणी, झाडीबोली बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी या प्रकाराचा अवश्य विचार करावा. मात्र बोलणाऱ्यांची परवानगी आणि सामग्रीवरील मालकी हे दोन्ही प्रश्न ती खुली करण्यापूर्वी सोडवावे लागतात.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांसाठी साधन-प्रकाशन हा सामग्री-लेखाचाच जुना आणि मानाचा भाऊबंद आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ती परंपरा पुढे चालवली. एखाद्या घराण्याच्या दप्तरात अप्रकाशित मोडी पत्र मिळाले, तर त्यावर पहिला लेख होऊ शकतो, परंतु केवळ देवनागरी लिप्यंतर छापून भागत नाही. पत्र कोणाच्या ताब्यात आहे, कागदाची लांबी-रुंदी, ओळी किती, शिक्का कोणता व कुठे उमटवला आहे, फाटलेल्या जागी किती अक्षरे गेली असावीत, हे सांगावे लागते आणि स्वतः भरलेली अक्षरे कंसात दाखवावी लागतात. तारखेचे उदाहरण घेऊ. मराठेशाहीतील कागदपत्रांत सुहूर या कालगणनेतील वर्ष अरबी अंकशब्दांत लिहीत. पत्रात 'सुहूर सन तिसा खमसैन मया व अलफ' असे असेल, तर तिसा ९, खमसैन ५०, मया १०० आणि अलफ १००० मिळून सुहूर सन ११५९ होतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५८ येते. परंतु सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने पत्राचा महिना माघ वा चैत्र असेल, तर ६०० मिळवून १७५९ धरावे लागते. हा एका वर्षाचा फरक सांभाळला नाही, तर पत्रातील मजकूर भलत्याच मोहिमेशी जोडला जातो. यानंतरच त्या पत्राने ज्ञात इतिहासात कोणती भर पडते, याची चर्चा करावी आणि ती लिप्यंतराहून लांब होऊ देऊ नये.

उरलेल्या प्रकारांविषयी थोडक्यात. संपादकांना पत्र हा छापून आलेल्या लेखावर नेमका आक्षेप नोंदवण्याचा किंवा एखादे निरीक्षण तातडीने कळवण्याचा मार्ग आहे. गरोदरपणी थॅलिडोमाइड घेतलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये व्यंगे दिसत असल्याची शंका ऑस्ट्रेलियातील डॉक्टर विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये 'द लॅन्सेट'ला लिहिलेल्या अशाच एका छोट्या पत्रातून मांडली आणि इतर वाचकांनाही असे काही आढळले आहे का, असे विचारले. मतलेख आणि भाष्य हे प्रकार, उदाहरणार्थ मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मधील भाष्याचा विभाग, चालू धोरणाविषयी युक्तिवाद करण्यासाठी असतात. मात्र त्यांतही पुरावा लागतोच. पुस्तक परीक्षण हा लेखनाचा सराव होण्यासाठी उत्तम प्रकार असून मराठी अभ्यास परिषदेच्या 'भाषा आणि जीवन'सारख्या नियतकालिकांत चांगली परीक्षणे वाचायला मिळतात. लिहिण्यापूर्वी संपादकांना विचारावे आणि आपल्याच मार्गदर्शकांच्या पुस्तकाचे परीक्षण करण्याचा मोह टाळावा.

परिषदेतील निबंधाचे मोल विषयागणिक बदलते. संगणकशास्त्रात प्रतिष्ठित परिषदेत स्वीकारलेला निबंध नियतकालिकातील लेखाच्या तोडीचा मानतात. महाविद्यालयीन चर्चासत्राच्या वेळी, नोंदणी शुल्क भरलेल्या प्रत्येकाचा मजकूर छापणाऱ्या स्मरणिकेला तसे मोल नसते. प्रीप्रिंट हा स्वतंत्र लेखप्रकार नसून समीक्षेपूर्वीचा मसुदा खुला करण्याची सोय आहे. भौतिकशास्त्रात १९९१ पासून 'आर्काइव्ह' (arXiv) या संकेतस्थळामुळे ती रुळली. आपल्या इच्छित नियतकालिकाला प्रीप्रिंट चालतो का, एवढे आधी पाहावे. याउलट 'रजिस्टर्ड रिपोर्ट' या २०१३ पासून रूढ होऊ लागलेल्या प्रकारात सामग्री गोळा करण्यापूर्वीच प्रश्न आणि पद्धती यांची समीक्षा होते व आराखडा मान्य झाल्यास निष्कर्ष काहीही निघाले तरी लेख तत्त्वतः स्वीकारला जातो. ज्यांचे काम अजून सुरू व्हायचे आहे, अशा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो विशेष उपयोगी आहे.

पायरी तिसरी: नियतकालिक निवडताना प्रकारांची यादी आधी वाचा

प्रत्येक नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये कोणते लेखप्रकार घेतले जातात आणि प्रत्येकाला शब्द, आकृत्या व संदर्भ यांची मर्यादा किती, हे दिलेले असते. बंगळूरूहून १९३२ पासून निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये शोधलेख, संक्षिप्त शोधनिवेदने, आढावा, सर्वसाधारण लेख, पत्रव्यवहार असे वेगवेगळे विभाग आहेत आणि त्यांच्या अपेक्षाही वेगळ्या आहेत. सूचना वाचल्यावर मागील दोन वर्षांचे अंक चाळून आपल्या प्रकारातील तीन लेख निवडावेत आणि त्यांची हाडे मोजावीत: प्रस्तावना किती परिच्छेदांची, पहिली आकृती कुठे, निष्कर्ष क्रियापदाच्या कोणत्या काळात लिहिले आहेत. आपल्या प्रकारातील तीन लेख दोन वर्षांत सापडलेच नाहीत, तर त्या नियतकालिकाचा नाद सोडलेला बरा.

पायरी चौथी: नियम, गुण आणि फसवी नियतकालिके

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांविषयीच्या २०१८ च्या विनियमांत समीक्षित नियतकालिकातील शोधलेखाला विज्ञान शाखांत ८ आणि भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत १० गुण दिले आहेत. अनुवादित शोधलेखाला किंवा प्रकरणालाही त्यात ३ गुण आहेत, हे मराठीच्या प्राध्यापकांनी लक्षात ठेवावे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के मिळतात. पुस्तक परीक्षण आणि पत्र यांना त्या तक्त्यात स्थान नाही, म्हणून ते लिहू नयेत असे मात्र नाही.

दोन बदल अजूनही अनेकांपर्यंत पोहोचलेले नाहीत. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधलेख छापलाच पाहिजे, ही देशव्यापी सक्ती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने ती आपल्या नियमांत ठेवली आहे का, ते संशोधन विभागात विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे, 'यूजीसी केअर यादीत आहे' या जाहिरातीवर आता विसंबता येत नाही, कारण आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी निकष सुचवून संस्थांवर सोपवली.

फसवे नियतकालिक ओळखण्याची एक खूण लेखप्रकाराशीच जोडलेली आहे. तेथे वनस्पतिशास्त्र, बँकिंग आणि संतसाहित्य एकाच अंकात असते, सर्व मजकूर 'रिसर्च पेपर' याच नावाखाली छापतात, तीन-चार दिवसांत स्वीकृती येते आणि समीक्षकाचा एकही शेरा न येता थेट शुल्काचा निरोप येतो. शुल्क मागणे हीच फसवेगिरी, असेही समजू नये. अनेक प्रामाणिक खुली नियतकालिके प्रक्रिया शुल्क घेतात, पण ते आधी जाहीर करतात. नियतकालिकाला मिळणारा आयएसएसएन हा ओळखक्रमांक ही केवळ नोंदणी आहे, दर्जाची हमी नव्हे. संपादक मंडळातील एक-दोघांच्या संस्थेच्या पानावर जाऊन त्यांनी तेथे या नियतकालिकाचा उल्लेख केला आहे का, हे पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पायरी पाचवी: परवानग्या आणि लेखकांची नावे

माणसांवर केलेल्या कोणत्याही अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता काम सुरू होण्यापूर्वी लागते. नंतर मिळवलेल्या पत्राचा उपयोग होत नाही. औषधाची वा उपचाराची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण दाखल करण्याआधी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे 'सीटीआरआय'मध्ये नोंद करावी लागते. इतिहास व साहित्य यांच्या अभ्यासकांना खासगी दप्तरे, छायाचित्रे आणि दीर्घ अवतरणे यांसाठी मालकाची परवानगी लागते, आणि ती लेखी असावी.

लेखक कोणाला म्हणावे, याविषयी वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष बहुतेक विज्ञानशाखांत मानले जातात: कामाच्या आखणीत, सामग्री मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात वा चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ प्रयोगशाळा उपलब्ध करून देणाऱ्या विभागप्रमुखांचे स्थान ऋणनिर्देशात असते. हे सांगणे अवघड जाते, याची मला कल्पना आहे. म्हणूनच नावांचा क्रम काम सुरू होताना ठरवून ई-मेलने सर्वांना कळवावा. नंतर बोलायला गेले की तोंडे वाकडी होतात.

पायरी सहावी: पाठवणे आणि परत आलेला लेख सांभाळणे

सोबतच्या पत्रात लेखाचा प्रकार पहिल्याच वाक्यात लिहावा आणि नवे काय आहे, ते पुढच्या दोन वाक्यांत सांगावे. एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे लेख पाठवू नये. एकाच सामग्रीचे बारीक तुकडे करून चार लेख काढण्याची युक्ती समीक्षकांच्या सहज लक्षात येते. मात्र एकाच कामातून वेगळ्या प्रश्नांचे वेगळे लेख निघत असतील, तर प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करून ते खुशाल लिहावेत. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. परंतु टक्केवारी कमी करण्यासाठी शब्द उलटसुलट करण्यापेक्षा मूळ लेख बंद करून, समजले ते स्वतःच्या वाक्यांत लिहिणे अधिक सोपे जाते.

समीक्षकांचे शेरे आल्यावर प्रत्येक शेऱ्याखाली आपले उत्तर आणि बदल केलेल्या पानाचा व ओळीचा क्रमांक द्यावा. शेरा पटला नाही, तर कारण देऊन तसे सांगण्यास हरकत नसते. कधी कधी संपादक सुचवतात की हा पूर्ण लेख म्हणून घेता येणार नाही, पण संक्षिप्त निवेदन म्हणून विचार करू. नव्या संशोधकांना हा अपमान वाटतो आणि ते लेख मागे घेऊन दुसरीकडे पाठवतात. प्रमुख निष्कर्ष अबाधित राहत असेल, तर सूचना मान्य करावी, मोठे तक्ते पूरक मजकुरात हलवावेत आणि पद्धतीचा भाग मात्र कापू नये. निष्कर्षच कापावा लागत असेल, तर संपादकांना तसे नम्रपणे कळवून लेख अन्यत्र पाठवावा.

स्वीकृतीनंतर आलेल्या प्रुफात स्वतःच्या व संस्थेच्या नावाचे स्पेलिंग, ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळखक्रमांक, आकृत्यांखालील मजकूर यांबरोबरच पहिल्या पानावर छापलेले लेखप्रकाराचे नाव तपासावे. माहितीसंचांत लेखाची नोंद त्याच नावाने होते, आणि शोधलेख चुकून 'पत्र' किंवा 'भाष्य' म्हणून नोंदला गेला, तर छपाईनंतर ती नोंद बदलून घेण्यासाठी संपादक, प्रकाशक आणि माहितीसंच अशा तिन्ही ठिकाणी पत्रव्यवहार करावा लागतो.